‘मला निवडू नका’: एनबीए ड्राफ्टमध्ये खेळाडूच्या हातात नेमकं काय असतं?

२५ जून २०२५ ची रात्र. ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये एनबीएचा ड्राफ्ट चालू होता, आपल्याकडे तेव्हा २६ तारखेची पहाट. पाचव्या नंबरला युटा जॅझने एस बेलीचं नाव घेतलं. रटगर्स युनिव्हर्सिटीचा फॉरवर्ड, वय वर्षं १८.

सीझनभर ज्याला पहिल्या तीनांत धरलं जात होतं, तो पाचव्या नंबरपर्यंत घसरला होता. कारण फक्त खेळाचं नव्हतं. ड्राफ्टआधीच्या आठवड्यांत त्याने एकाही टीमकडे जाऊन वर्कआउट केलं नव्हतं. तिसरा नंबर ज्यांच्याकडे होता, त्या फिलाडेल्फियाची ठरलेली भेट त्याने आयत्या वेळी रद्द केली होती. त्याचं काम बघणाऱ्या ओमर कूपर यांनी वरच्या नंबरच्या एका टीमला ‘घेऊ नका’ असं कळवल्याच्या बातम्या आल्या. वॉशिंग्टन, न्यू ऑर्लीन्स आणि ब्रुकलिन या टीम त्यांना जास्त पसंत आहेत, असंही अमेरिकन पत्रकार सांगत होते. या तिघांचे नंबर होते ६, ७ आणि ८.

म्हणजे हा पोरगा मुद्दाम खाली घसरायला तयार होता. एनबीएमध्ये नव्या खेळाडूचा पगार त्याच्या ड्राफ्ट नंबरवर ठरतो, त्यामुळे प्रत्येक पायरी खाली उतरणं म्हणजे लाखो डॉलरवर पाणी. तरीही.

युटाने ते सगळं ऐकलं आणि तरीही त्याला घेतलं. सोशल मीडियावर दोन दिवस नुसता धुरळा. एका बाजूला ‘१८ वर्षांच्या मुलाचा माज बघा’, दुसऱ्या बाजूला ‘युटाने घोडचूक केली, हा येणारच नाही’. काही दिवसांत बेली सॉल्ट लेक सिटीत हजर झाला, हसत फोटो काढले, ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू झाल्यावर युटाच्या जर्सीत खेळायलाही लागला. प्रकरण संपलं असं वाटतं. पण माज आणि घोडचूक या दोन शब्दांत जे गुंडाळलं गेलं, ते मला एखाद्या सिस्टिमच्या डिझाइनसारखं वाटतं. कोणाला इनपुट देता येतो आणि कोणाला नाही, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

आधी ड्राफ्ट समजून घेऊ

आयपीएलमध्ये लिलाव असतो: ज्याच्या पाकिटात पैसे आणि मनात हौस, तो बोली लावतो. एनबीएमध्ये लिलाव नाही, रांग आहे. ३० टीम, दोन राउंड. आपला नंबर आला की उपलब्ध खेळाडूंपैकी एकाचं नाव घ्यायचं. ते नाव घेतल्या क्षणापासून एनबीएपुरते त्या खेळाडूचे हक्क त्या टीमकडे.

रांगेत पुढे कोण? जे सगळ्यात जास्त हरले ते. दुबळ्या टीमला चांगला खेळाडू मिळावा, लीगमध्ये चुरस राहावी, हा हेतू. पण मग मुद्दाम हरायचा मोह होतो, म्हणून १९८५ पासून लॉटरी आली. आजची पद्धत मजेशीर आहे. मशीनमध्ये १ ते १४ नंबरचे चेंडू टाकतात आणि चार बाहेर काढतात. १४ मधून ४ निवडायचे एकूण १००१ प्रकार होतात. त्यातला एक बाद, उरलेले १००० प्रकार प्लेऑफमध्ये न गेलेल्या १४ टीमना वाटून दिलेले असतात. सगळ्यात वाईट तीन टीमना प्रत्येकी १४०, म्हणजे १४ टक्के. लॉटरीने फक्त पहिले चार नंबर ठरतात, बाकीचे पराभवांच्या क्रमाने. त्यामुळे सगळ्यात वाईट टीम जास्तीत जास्त पाचव्या नंबरपर्यंत घसरू शकते, आणि तशी शक्यता जवळपास ४८ टक्के असते.

युटाचं नेमकं तेच झालं. १७ विजय, ६५ पराभव, लीगमधला सगळ्यात खराब रेकॉर्ड, आणि लॉटरीत हाती आला पाचवा नंबर. त्याच सीझनमध्ये खेळाडूंना बसवून ठेवण्याबद्दल लीगने त्यांना १ लाख डॉलर दंडही केला होता. इकडे १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिला नंबर लागला आणि त्यांनी कूपर फ्लॅगला उचललं. ज्या टीमने चार महिन्यांपूर्वी लुका डॉन्चिचला लेकर्सला देऊन टाकून स्वतःच्या चाहत्यांना रडवलं होतं, तिला हे बक्षीस. नशीब नशीब म्हणतात ते हेच.

पसंतीक्रमाचा रकाना कुठाय?

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतलेल्या कोणालाही कॅप राउंड आठवत असेल. सीईटीचा स्कोअर आला की ऑप्शन फॉर्म भरायचा. कॉलेज आणि ब्रँच पसंतीच्या क्रमाने टाकायचे. पहिलं अमुक, दुसरं तमुक, पंधरावं ‘काहीच नाही मिळालं तर’. मेरिटप्रमाणे सिस्टिम सीट देते. नाराजी असतेच, सर्व्हर ऐन वेळी झोपतो तो भाग वेगळा. पण तुमची इच्छा त्या फॉर्ममध्ये लिहिलेली असते आणि अल्गोरिदम ती वाचतो.

आता कल्पना करा की फॉर्मच नाही. राज्यातली कॉलेजं रांगेत उभी आहेत, ज्याचा रिझल्ट सगळ्यात खराब ते कॉलेज पहिलं. ते माइकवर येऊन तुमचं नाव घेतं. झालं, चार वर्षं तिकडेच. एनबीए ड्राफ्ट हा असा आहे. टीमची पसंती शंभर टक्के मोजली जाते, खेळाडूची शून्य.

दोन्ही बाजूंची पसंती घेणारी सिस्टिम करता येत नाही असंही नाही. अमेरिकेतच नवे डॉक्टर रेसिडेन्सीसाठी जातात तेव्हा डॉक्टर हॉस्पिटलांची यादी देतात, हॉस्पिटलं डॉक्टरांची यादी देतात आणि कॉम्प्युटर जोड्या लावतो. त्याच्यामागचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलं. शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल या विषयासाठीच मिळालं. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी: उमेदवाराच्या बाजूने अल्गोरिदम चालवला, तर उमेदवाराला खोटी यादी देऊन काहीच फायदा होत नाही. मनात आहे तेच लिहिणं त्याच्या हिताचं असतं.

ड्राफ्टमध्ये खरं लिहायला रकानाच नाही. मग माणूस काय करतो? कॉम्प्युटर सिक्युरिटीमध्ये ‘साइड चॅनल’ नावाचा प्रकार असतो. सिस्टिमच्या मुख्य दरवाजाने आत जाता येत नसेल, तर वीज किती खर्च झाली, उत्तर यायला किती वेळ लागला अशा आडवाटेच्या खुणांमधून माहिती काढायची. ड्राफ्टमधले खेळाडू याचं उलटं करतात: आडवाटेने माहिती आत पोहोचवतात, नाहीतर अडवून धरतात. वर्कआउटला जायचं नाही. मुलाखत टाळायची. मेडिकल रिपोर्ट नको त्या टीमला द्यायचा नाही. एजंटकरवी पत्रकाराच्या कानात एक वाक्य सोडायचं. बेलीने केलं ते एवढंच, जरा उघडपणे.

मेडिकलचा दरवाजा आता बराचसा बंद झालाय. लीग आणि खेळाडूंच्या युनियनमधल्या २०२३ च्या करारानुसार, ज्यांना ड्राफ्ट कम्बाइनला बोलावलं जातं त्यांना काही अपवाद सोडता तिथे जाऊन मेडिकल करून घ्यावंच लागतं. बेलीचीही मोजमापं तिथेच झाली आणि कॉलेजने ६ फूट १० इंच म्हणून सांगितलेली उंची बुटांशिवाय ६ फूट साडेसात इंच निघाली. बायोडाटा म्हटलं की थोडं वाढवून लिहिणं आलंच, त्यात अमेरिका काही वेगळी नाही.

कोर्टात जाऊन बघितलं कोणी?

बघितलं. १९८४ मध्ये फिलाडेल्फियाने दहाव्या नंबरला घेतलेल्या लिऑन वूडने ड्राफ्ट आणि सॅलरी कॅप दोन्हींना कोर्टात आव्हान दिलं. म्हणणं साधं होतं: मी माझं काम मला हवं तिथे का विकू शकत नाही? एखाद्या शहरातल्या सगळ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी फ्रेशर्स आपापसांत असे वाटून घेतले, तर आपण काय म्हणू? १९८७ मध्ये अपील कोर्टाने त्याचा दावा फेटाळला. कारण, ही पद्धत लीगने एकतर्फी लादलेली नाही, खेळाडूंच्या युनियनने सामूहिक करारात ती मान्य केलेली आहे. यातली गोम अशी की ती युनियन आधीपासून खेळणाऱ्यांची. जो अजून कॉलेजात आहे त्याला त्या करारावर मत देता येत नाही, पण करार लागू त्याला होतो. हा वूड पुढे एनबीएमध्येच रेफ्री झाला. सिस्टिमवर केस टाकून तिच्याच मॅचमध्ये शिट्टी वाजवणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

पगाराचंही तसंच. १९९४ मध्ये पहिल्या नंबरला आलेल्या ग्लेन रॉबिन्सनने मिलवॉकीकडे १० कोटी डॉलर मागितले आणि शेवटी १० वर्षांसाठी ६.८ कोटींवर सही केली. जुने खेळाडू आणि मालक दोघंही हादरले. पुढच्याच वर्षी नव्या करारात नंबरनुसार पगाराचा तक्ता आला. तेव्हापासून नव्या खेळाडूला घासाघीस करायला फारशी जागा राहिली नाही.

सहीच नाही केली तर? वर्षभर बसून पुढच्या ड्राफ्टमध्ये परत नाव घालता येतं, पण १९-२० व्या वर्षी एक पूर्ण सीझन घरी बसणं म्हणजे काय ते सांगायला नको. परदेशात खेळायला गेलात तर जुन्या टीमचा एनबीएतला हक्क तुमच्या मागे लागून राहतो.

आयपीएल वाचकांना हे ऐकून हॅरी ब्रूक आठवेल. लिलावात दिल्ली कॅपिटल्सने घेतलं, त्याने २०२५ च्या सीझनआधी माघार घेतली, आणि बीसीसीआयच्या नव्या नियमानुसार दोन वर्षं बंदी. फरक इतकाच की आयपीएल हे दोन महिन्यांचं काम आहे आणि ब्रूकला इंग्लंडची टीम होती. बेलीच्या दर्जाचं बास्केटबॉल आणि तेवढा पैसा एकाच लीगमध्ये आहे.

ज्यांनी नाही म्हटलं

तरी लोक नाही म्हणत आले आहेत. १९८९ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीच्या डॅनी फेरीला लॉस एंजेलिस क्लिपर्सने दुसऱ्या नंबरला घेतलं. क्लिपर्स तेव्हा लीगमधलं हसं होतं. फेरी सरळ इटलीला जाऊन रोममध्ये खेळला, आणि क्लिपर्सला त्याचे हक्क क्लीव्हलँडला द्यावे लागले. २००७ मध्ये चीनच्या यी जियानलियानच्या लोकांनी मिलवॉकीला वर्कआउटलाच बोलावलं नाही. मिलवॉकीने तरीही सहाव्या नंबरला घेतलं, बरीच बोलणी झाल्यावर त्याने सही केली आणि एका सीझनमध्ये त्याचा ट्रेड झाला.

कोबी ब्रायंटची गोष्ट सगळ्यात सफाईदार. १९९६, वय १७, शाळेतून थेट एनबीए. आठव्या नंबरवरच्या न्यू जर्सी नेट्सला तो हवा होता, कोच जॉन कॅलिपारी तर घेणारच होते. एजंट आर्न टेलेमने निरोप दिला की घेतलंत तर कोबी इटलीत जाऊन खेळेल. ही धमकी खरी वाटण्यासारखी होती, कारण कोबीचं लहानपण इटलीत गेलं होतं, वडील तिथे प्रोफेशनल होते. नेट्सने केरी किटल्सला घेतलं. तेराव्या नंबरला शार्लटने कोबीचं नाव घेतलं ते आधीच ठरल्याप्रमाणे, लेकर्ससाठी. बदल्यात लेकर्सचा सेंटर व्लादे दिवाच शार्लटला जाणार होता.

इथे एक कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे. दिवाचने नकार दिला. जायला लागलं तर रिटायर होईन म्हणाला. सात सीझन लेकर्सकडे खेळलेला माणूस. शेवटी तो तयार झाला आणि गेला. म्हणजे एकाच सौद्यात दोघांनी नाही म्हटलं. १७ वर्षांच्या मुलाची इच्छा पूर्ण झाली, कारण ती एका श्रीमंत टीमच्या इच्छेशी जुळत होती. दिवाचची इच्छा त्याच टीमच्या आड येत होती. खेळाडूंच्या ‘ताकदी’बद्दल बोलताना हे लक्षात ठेवायला हवं.

स्टीव्ह फ्रान्सिसचं प्रकरण मात्र माझ्या मनाला टोचतं. १९९९ मध्ये व्हँकूव्हर ग्रिझलीजने त्याला दुसऱ्या नंबरला घेतलं. नाव ऐकल्यावर त्याचा चेहरा पडलेला अख्ख्या अमेरिकेने टीव्हीवर पाहिला. घरापासून लांब, कॅनडातले टॅक्स, जाहिरातींचे पैसे कमी, अशी कारणं पुढे आली. दोन महिन्यांत तीन टीम आणि ११ खेळाडूंचा एक अजस्र ट्रेड होऊन तो ह्यूस्टनला गेला आणि पहिल्याच वर्षी एल्टन ब्रँडबरोबर ‘रुकी ऑफ द इयर’ झाला.

व्हँकूव्हरची टीम १९९५ मध्ये सुरू झाली होती. फ्रान्सिसच्या नकारानंतरच्या सीझनमध्ये ते २२ मॅच जिंकले आणि ६० हरले. २००१ मध्ये टीम उचलून मेम्फिसला नेली. ती काही एका खेळाडूमुळे गेली नाही. डॉलरचा भाव, मालकी, खराब निर्णय, बरंच काही होतं. पण आपल्या शहराचं नाव ऐकून एखाद्याचा चेहरा पडतो, हे पाहिलेल्या दहा वर्षांच्या पोराच्या बाजूने विचार करा. त्याच्या हातात तर कुठलाच लिव्हर नव्हता, ना लॉटरी, ना करार. ड्राफ्टचं समर्थन करणारे युटा किंवा मिलवॉकीसारख्या लहान शहरांचा मुद्दा काढतात तेव्हा तो फालतू नसतो. सगळ्यांना निवडीचं स्वातंत्र्य दिलं तर बरेचसे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि मायामीच निवडतील ही भीती खरी आहे.

आणि ज्याचा अंदाज चुकला तो करी

२००९. डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजातला स्टेफ करी. वडील डेल करी स्वतः एनबीएमध्ये खेळलेले. त्याला जायचं होतं न्यूयॉर्क निक्सकडे, त्यांचा नंबर आठवा. सातव्या नंबरवर गोल्डन स्टेट वॉरियर्स, तेव्हा गोंधळासाठी प्रसिद्ध. एजंट जेफ ऑस्टिनने वॉरियर्सचे लॅरी रायली यांना घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. रायलींनी घेतलं. करीने चार चॅम्पियनशिप आणि दोन एमव्हीपी वॉरियर्सच्याच जर्सीत मिळवले.

त्याच ड्राफ्टमध्ये मिनेसोटाकडे पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन नंबर होते. दोन्ही वेळा त्यांनी पॉइंट गार्ड घेतला, म्हणजे करीच्याच पोझिशनचा, आणि दोन्ही वेळा करी सोडून दुसरा. पाचवा रिकी रुबियो, जो दोन वर्षं स्पेनमध्येच राहिला आणि २०११ मध्ये आला. सहावा जॉनी फ्लिन, जो तीन सीझन खेळून एनबीएबाहेर गेला. मिनेसोटाच्या चाहत्यांसमोर हा विषय न काढलेला बरा.

आता बघा, इथे दोघंही चुकले. मिनेसोटाने करीला ओळखलं नाही. आणि करीच्या माणसांनी वॉरियर्सला ओळखलं नाही. आपण टीमच्या चुकांच्या याद्या करतो, दर जूनमध्ये ‘री-ड्राफ्ट’चे व्हिडिओ येतात, कोणी कोणाला सोडलं ते लाल अक्षरांत. खेळाडूंच्या चुकलेल्या नकारांची यादी कोणी करत नाही, कारण ते नकार बहुतेक वेळा खाजगी फोनवर होतात आणि तिथेच मरतात.

मागे वळून शहाणपण

आमच्या कामात सर्व्हर पडला की नंतर पोस्टमॉर्टेम लिहितात. त्यातला चांगला नियम असा की निर्णय घेताना त्या माणसाच्या स्क्रीनवर काय दिसत होतं एवढ्यावरच निर्णय जोखायचा. नंतर कळलेलं धरायचं नाही. ड्राफ्टलाही हाच नियम लावला, तर प्रसिद्ध चुकांचे दोन गट पडतात.

पहिला गट, जिथे कोणालाच काही दिसत नव्हतं. २०१४ मध्ये निकोला योकिच ४१ व्या नंबरला गेला. त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा टीव्हीवर टॅको बेलची जाहिरात चालू होती. तो पुढे तीन वेळा एमव्हीपी झाला. ज्यांनी त्याला सोडलं ते सगळे मूर्ख म्हणायचे असतील, तर डेन्व्हरलाही म्हणा, कारण त्याच रात्री त्यांनी पहिल्या राउंडमधून दुसराच एक सेंटर, युसुफ नुर्किच, मिळवला होता. ज्याला स्वतः घेतलं त्याच्यावर त्यांचाही तेवढा भरवसा नव्हता. २०१३ मध्ये यानिस १५ व्या नंबरला गेला तेही असंच. यावर व्हिडिओ करून लाइक मिळतात, शिकायला काही मिळत नाही.

दुसरा गट महत्त्वाचा, कारण तिथे दिसत होतं. १९८४ मध्ये पोर्टलंडने दुसऱ्या नंबरला सॅम बोवीला घेतलं आणि तिसऱ्या नंबरला शिकागोने मायकल जॉर्डनला. बोवी पायाच्या दुखापतीमुळे कॉलेजात दोन पूर्ण सीझन बाहेर होता, हे सगळ्यांना माहीत होतं. पोर्टलंडचं कारण होतं की जॉर्डनच्या जागेवर आमच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर आहे, आम्हाला उंच माणूस हवाय. २००३ मध्ये डेट्रॉइटने दुसऱ्या नंबरला डार्को मिलिचिचला घेऊन कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड या तिघांना सोडलं. अँथनीच्या जागेवर त्यांच्याकडे टेशॉन प्रिन्स होता. २०१८ मध्ये सॅक्रामेंटोने दुसऱ्या नंबरला मार्विन बॅगलीला घेतलं आणि डॉन्चिचला जाऊ दिलं. त्यांच्याकडे बॉल हाताळायला आदल्याच वर्षी आणलेला डीऍरॉन फॉक्स होता.

तीन दशकं, तीन टीम, एकच तर्क: ‘ही जागा आमच्याकडे भरलेली आहे.’ बास्केटबॉलमध्ये कोर्टवर पाचच जण असतात. एक असामान्य खेळाडू इतर चौघांची जागा बदलायला लावतो, उलट होत नाही. म्हणून रिकामी खुर्ची बघून माणूस निवडणं ही चूक मला टीका करण्यालायक वाटते. (डेट्रॉइट पुढच्याच वर्षी चॅम्पियन झालं, डार्को बाकावर बसून. चुकीच्या निर्णयाला कधी कधी फळ चांगलं लागतं.)

मग युटाचं काय?

युटाच्या स्क्रीनवर काय दिसत होतं? रटगर्समधला एक सीझन, सरासरी १७.६ पॉइंट आणि ७.२ रिबाउंड. टीम मात्र १५ जिंकून १७ हरलेली, सोबत डिलन हार्परसारखा दुसरा स्टार असूनही. अवघड शॉट लीलया टाकणारा, पण सोपा पास सोडून अवघड शॉटच घेणारा मुलगा. आणि एक रिकामा कॉलम: वर्कआउट.

तो कॉलम रिकामा ठेवणं हा बेलीचा ‘नाही’ होता. पण डेटा नसणं दोन अर्थी वाचता येतं, आणि इथे साइड चॅनलचा तोटा दिसतो. नको असलेल्या टीमला वाटावं की हा येणार नाही. पण बाकीच्यांना वाटू शकतं की काहीतरी लपवतोय. पसंतीक्रम लिहिता आला असता तर ‘मला तिकडे जास्त खेळायला मिळेल’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी पूर्ण जूनभर मुलाच्या स्वभावाची चिरफाड झाली.

युटाने हिशोब केला असणार की १८ वर्षांचा मुलगा वर्षभर घरी बसणार नाही. तो हिशोब बरोबर निघाला. १७-६५ च्या टीमकडे भरलेली खुर्चीही नव्हती, त्यामुळे वरची ती जुनी चूक त्यांनी केली नाही. माझ्या मते निवड योग्य होती, पुढे बेली कसाही खेळो.

फिलाडेल्फियाने तिसऱ्या नंबरला व्ही. जे. एजकॉम्बला घेतलं. ऑक्टोबरमध्ये पहिल्याच मॅचमध्ये बॉस्टनविरुद्ध त्याने ३४ पॉइंट केले आणि लगेच ‘बेली वाचला की फिलाडेल्फिया वाचलं’ असे पोस्ट सुरू झाले. एका मॅचवर! इतक्या छोट्या सॅम्पलवर कोणी प्रॉडक्शनमध्ये कोड टाकला, तर आमच्याकडे त्याला चहासुद्धा मिळणार नाही.

ड्राफ्ट पूर्ण बंद करता येतो का, हा प्रश्न आता फक्त कल्पनेतला राहिलेला नाही. अमेरिकेची महिला फुटबॉल लीग एनडब्ल्यूएसएल हिने २०२४ च्या नव्या करारात ड्राफ्टच रद्द केला. नवी खेळाडू स्वतः क्लबशी बोलते आणि सही करते. अर्थात फुटबॉलमध्ये युरोपच्या लीग समोर स्पर्धेला आहेत, ड्राफ्ट ठेवला तर चांगल्या मुली विमानात बसून निघून जातात. एनबीएला तसं कोणी समोर नाही, म्हणून घाईही नाही. मधला मार्ग म्हणून खेळाडूला दोन-तीन टीम नाकारायची किंवा पसंतीच्या पाच टीमची यादी द्यायची सोय करता येईल. गणित साठ वर्षांपूर्वीचं आहे, कोड एका दुपारचा. अडचण करारात आहे, आणि करार करणाऱ्या टेबलावर बेलीच्या वयाचं कोणी बसत नाही.

त्याच्या कॉन्ट्रॅक्टची पहिली दोन वर्षं पक्की आहेत. तिसरं आणि चौथं वर्ष ठेवायचं की नाही ते युटा ठरवणार. दोन्ही ठेवली आणि मध्ये नवा करार झाला नाही, तर २०२९ च्या उन्हाळ्यात तो ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’ होईल. तेव्हा तो पहिल्यांदा आपल्या पसंतीच्या टीमची ऑफर घेऊन येऊ शकेल. ती ऑफर जशीच्या तशी देऊन त्याला ठेवून घ्यायचा हक्क त्या वेळीही युटाकडेच असेल.